बाराघर

एप्रिलच्या अठराला उतरले,
दोन ट्रंका, एक शिलाई मशीन
आणि बदलीचा कागद, घामानं मऊ झालेला.
नागपूरहून फार लांब नाही, म्हणाले होते.
एसटीला दोन तास लागले.
मध्ये कन्हानच्या पात्रात पाणी नव्हतं,
वाळूचे ट्रक तेवढे वाहत होते
एकामागे एक.

मी गुहागरची. आमच्याकडे विहिरीत वाकलं
की आपलंच तोंड दिसतं.
इथे पहिल्या संध्याकाळी वाकले
तर नुसता गारवा वर आला,
आणि खूप खालून
एका कबुतरानं अंग झटकलं.

घरमालकीण शेवंताबाई निखाडे.
त्यांनी आधी कूलर दाखवला, मग न्हाणी, मग देव.
पत्र्याचा, निळा, खिडकीपेक्षा मोठा,
वर पेंटरनं रंगवलेलं : डेझर्ट.
"वाळवंट याच्यातच आहे जी," त्या हसल्या,
"बाहेर नुसतं ऊन."

रात्रभर ओल्या वाळ्याचा वास.
सकाळी उशीवर काळपट धूळ, मँगनीजची.
खाण बंद पडून वीस वर्षं झाली,
धुळीला अजून कोणी कळवलं नसावं.

पोस्टात माझ्या हाताखाली एकच माणूस, टेकचंद मडावी.
त्यानं मनीऑर्डरच्या फॉर्ममागे
पाहण्यासारखं सगळं लिहून दिलं :
रामटेकचा गड, माकडांपासून चष्मा सांभाळणे.
खिंडसीला बोट.
पेंचला वाघ, दिसला तर दिसला.
आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून,
स्टँडवरचा तर्री-पोहा, फक्त सातपर्यंत.
मी घडी घालून पर्समध्ये ठेवला.
सहा रविवार कुठेच गेले नाही.
कूलरसमोर बसून एकच ब्लाउज
उसवला, शिवला, उसवला.

नाव बाराघर का, एकदा विचारलं.
खाण लागली तेव्हा बारा कुटुंबं आली म्हणे,
बैलगाडीवर घराची दारं लादून.
दारं सोबत असू द्या, भिंती तिथं करू.
शेवंताबाई पेरांवर मोजू लागल्या,
निखाडे, मडावी, उईके,
कोष्ट्यांची दोन, लोहाराचं एक,
आणखी कोण कोण,
आणि अकराव्या पेरावर अंगठा थांबला.
"बारावा पहिल्याच वैशाखात वापस गेला जी.
बायको म्हणे, इथं सावली बी विकत घ्या लागते."
मग अकराघर का नाही म्हणत?
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जसं मीठ कुठे ठेवता विचारावं.
"आला तर होता ना."

तेव्हापासून रोज तारीख फिरवते,
शिक्का शाईत टेकवते, ठक्.
बाराघर. बाराघर.
प्रत्येक पाकिटावर तो निघून चाललेला,
दार परत गाडीत,
कडी वाजत असणार सबंध वाटभर,
आणि बायको बोलत नसणार.
त्याचं नाव कोणालाच आठवत नाही.
स्टँडजवळचा कडुनिंब त्यानं लावलेला, म्हणतात.
टेकचंद म्हणतो, हट्, तो कावळ्यानं लावला.

बहीण फोनवर विचारते, अर्ज केलास का परत यायचा?
केलाय.
ट्रंकेत आहे, साड्यांच्या खाली.
तिकीट लावायचं राहिलंय,
पोस्टात बसून.

सातव्या रविवारी पावणेसातला निघाले.
तर्रीनं डोळ्यांत पाणी आलं,
दुकानदारानं न विचारता वर चणे वाढले.
कडुनिंबाखाली बसून खात होते,
तेवढ्यात नागपूरची गाडी लागली.
एक पोरगा उतरला, बँकेत नवा,
काखेत गुंडाळलेली गादी, मान पुसत.
"इथे पाहण्यासारखं काय आहे हो?"

गड, तलाव, वाघ, सगळं पर्समध्ये होतं.
मी म्हटलं, आधी कूलर बघा, मग खोली.
आणि पोहा घ्या, पाच मिनिटं उरलीत.
बाकावर सरकले जराशी.
सावली अजून दोघांपुरती होती.